मागच्या दाराचं हँडल

मेश्रामजी कुठेही गेले, लग्नाला म्हणा की मयताला, आधी बाहेर उभ्या गाड्यांकडे वळत. एखादी जुनी गाडी दिसली की तिच्या मागच्या दाराचं हँडल मुठीत धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. दोनदा तर मालकांनी चोर समजून हटकलं. मी शेजारी, त्यात शाळामास्तर. त्यामुळे "भाईसाहब, अपने ही आदमी हैं" म्हणत त्यांना सोडवून आणायचं काम माझ्याकडे असे.

कारखान्यात फिटर असलेल्या या माणसाने आमच्या जबलपूरजवळच्या पाटन गावातल्या एका धान्यव्यापाऱ्याच्या गोदामातून काळी विलायती गाडी आणली होती. तिच्यात कोंबड्या राहत. पण नंबर तोच होता. जबलपूरच्या एका वकीलसाहेबांकडे मेश्रामजींच्या वडिलांनी एकवीस वर्षं हीच गाडी चालवली होती.

"एकवीस वर्षं बाबानं मागचं दार उघडलं सर, पण मागं एक दिवस बसला नाही," मेश्रामजी म्हणत. "मले त्याले मागं बसवाचं आहे. बस, और कुछ नहीं."

शहरातल्या नेपियर टाउनमधल्या एका गॅरेजात दोन वर्षं राबून त्यांनी गाडी सुरू केली. सीट शिवून झाली, रंग झाला. फक्त मागच्या डाव्या दाराला हँडल नव्हतं. तिथे कुणीतरी तार गुंडाळून ठेवली होती. एवढ्याशा गोष्टीवर सगळं अडलं. बाबांची नजर काचबिंदूने गेलेली. "डोळे गेले, पण हात नाही गेला त्याचा. दुसरं लावलं तर हात ठेवल्याबरोबर ओळखते तो." म्हणून हँडल मिळेपर्यंत गाडीबद्दल बाबांना अवाक्षर सांगायचं नाही, अशी शपथ त्यांनी मला घातली होती.

नागपूरचा भंगारबाजार पालथा घालून झाला. कलकत्त्याला पत्रं गेली. एकदा उजव्या बाजूचं सुरेख हँडल आलं. ते डाव्या दाराला बसेना. एका ओतकाम्याकडून पितळेचं घडवून घेतलं. मेश्रामजींनी ते हातात तोललं आणि टेबलावर ठेवून दिलं. "हलकं आहे," म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून मला भीती वाटली.

तोवर बाबा अंथरुणाला लागले होते. मी चिडलो. "अहो, तार तशीच राहू द्या, पण त्यांना बसवा एकदा!"

"काहून रागावून राहिले सर? मले काय समजत नाही?" ते गॅरेजच्या पायरीवर मटकन बसले आणि रडू लागले. "जिंदगीभर दुसऱ्याचं दार उघडलं त्यानं. त्याच्यासाठी मी नकली दार उघडू काय?"

एका दुपारी मी बाबांजवळ बसलो होतो. त्यांनी विचारलं, "मास्तर, आमच्या साहेबाची गाडी कुठं असन हो आता?"

शपथ आठवली. "भंगारात गेली असेल, बाबा."

ते उजवा तळहात गोधडीवर चोळत राहिले.

आठवड्याभरात बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीच्या आदल्या दिवशी मेश्रामजींनी त्यांची पेटी उघडली. बाबा ती कुणाला हात लावू देत नसत. ड्रायव्हरीच्या खाकी कोटाखाली रुमालात काहीतरी जड बांधलेलं होतं. ते हँडल होतं. डाव्या बाजूचं. अंगठा टेकायचा तिथली चकाकी पार झिजलेली. साहेबांनी गाडी विकली तेव्हा बाबांनीच काढून घेतलं असणार.

मेश्रामजींनी ते मुठीत धरलं आणि डोळे मिटले. मग विचारलं, "सर, बाबानं गाडीबद्दल काही विचारलं होतं काय तुमाले?"

मी जे घडलं ते सांगितलं. "तुम्ही शपथ घातली होती," हेही म्हणालो. म्हणायला नको होतं.

"हो. मीच घातली होती," ते म्हणाले.

चार दिवसांनी सकाळी गाडी आमच्या गल्लीत आली. मेश्रामजी उतरले, वळसा घालून मागे आले. बाबांचं हँडल फिरवलं. दार खट्‌कन उघडलं. बाबा साहेबांसाठी उभे राहत असतील तसे ते ताठ उभे राहिले. समोरच्या ओसरीवर बाबांची खुर्ची रिकामी होती. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"बसा, सर," ते म्हणाले.

माझ्याने बसवलं नाही.