रक्ताच्या डागावर गरम पाणी

गल्लीत कुणाच्या कपड्यावर काही सांडलं की तो माणूस आधी सांडणाऱ्याकडे बघतो आणि मग ताईच्या दुकानाकडे. दुकान धुलाईचं. पुढे काउंटर, मागे दोन मोठी मशीनं आणि एक दगडी हौद, बाजूला इस्त्रीचं टेबल. टेबलाशी ताईचा नवरा उभा असतो. तो दिवसभर इस्त्री करतो आणि बोलायचं काम वाफेवर सोपवतो.

डाग मात्र ताईच्या अखत्यारीत. गिऱ्हाइकाने कपडा पुढे केला की ती तीन प्रश्न विचारते. काय सांडलं? कधी सांडलं? आणि त्यावर तुम्ही काय केलंत? तिसऱ्या प्रश्नाला भलेभले खाली बघतात. कारण प्रत्येकाने घरी काहीतरी करून पाहिलेलं असतं. शाई घासलेली असते, च्युइंग गम नखाने कोरलेली असते, लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घालून बाहुलीच्या मापाचा केलेला असतो.

ताईचा स्वभाव असा की चुकीचं काही दिसलं तर तिला गप्प बसवत नाही. बसमध्ये पुढच्या अनोळखी माणसाला ती मागून सांगते, "कॉलरला आधी टाल्कम पावडर लावायची, मग धुवायची." नणंदेचं ऑपरेशन झालं तेव्हा बघायला गेली, तर पहिल्यांदा तिने चादर उलटी करून पाहिली आणि वॉर्डबॉयला बोलावून घेतलं. नणंद म्हणाली, "वहिनी, मी पण इथेच आहे."

दुकानाच्या वरच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ राहतो. आई गेल्यापासून तो ताईकडेच वाढला. सगळे त्याला बारक्या म्हणतात, आणि तो सहा फूट उंच आहे. बारक्याने कॉम्प्युटरवर गोळीबाराचा एक विनोदी खेळ बनवला होता, नाव ‘डागांचा धुव्वा’. पडद्यावर खेळणाऱ्याचे फक्त दोन हात दिसतात आणि हातात पाण्याचा पाइप. समोरून डाग चाल करून येतात. चहाचा डाग घरी न जाणाऱ्या पाहुण्यासारखा जांभया देत बसून राहतो. शाईसाहेब म्हणतात, "सदर हल्ला नियमबाह्य आहे." च्युइंग गम गळ्यात पडून म्हणते, मला सोडून जाऊ नकोस. लिपस्टिकचा डाग कॉलरवर बसून शपथेवर सांगतो की मी इथे कसा आलो मला माहीतच नाही. आणि शेवटी येतो रक्ताचा डाग, छाती पिटत लांबलचक भाषण करणारा नाटकी खलनायक. त्याच्यावर उकळत्या पाण्याची तोफ डागली की तो फुटतो आणि खेळ संपतो.

खेळ चांगला चालला. ताईने तो पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी ती जेवली नाही.

"बारक्या, रक्तावर गरम पाणी?"

"ताई, तोफ आहे ती."

"तोफ असू दे नाहीतर किटली. गरम पाण्याने रक्त पक्कं बसतं. आणि खाली लिहिलंयस काय, ‘विशेष आभार, ताई’. लोक म्हणतील हिनेच शिकवलं."

म्हणून बारक्याने खेळाचा दुसरा भाग करायला घेतला तेव्हा ताई पहिल्यापासून वर जाऊन बसली. दुपारी गिऱ्हाइकं कमी असली की जिना चढायची आणि बारक्याच्या खुर्चीमागे उभी राहून काय चुकतंय ते सांगायची. बारक्याने एक एक करत सगळं ऐकलं. आता खेळणाऱ्याला डागावर चाल करण्याआधी कपड्याच्या आतलं लेबल वाचावं लागे. मग आतल्या शिवणीवर एक छोटी फवारणी करून रंग जातो का ते बघावं लागे. त्यासाठी डाग स्वतः अदबीने पाठ फिरवून आतली शिवण दाखवत असे. च्युइंग गमला आधी बर्फाने कडक करायचं. आणि रक्ताच्या डागाला थंड पाण्यात मीठ घालून अर्धा तास भिजवायचं.

"खरा अर्धा तास?" बारक्याने विचारलं होतं.

"मग काय खोटा?"

खेळ बाजारात जायच्या आठवड्यात बारक्याने समोरच्या इमारतीतल्या दाताच्या डॉक्टरांना वर बोलावलं. पहिल्या भागाचे ते इतके भक्त होते की पेशंटच्या तोंडात हात असताना शाईसाहेब आठवून एकदा हसले होते, आणि तो पेशंट परत आला नव्हता. ताई दुकान नवऱ्यावर टाकून निकाल ऐकायला वर गेली. तिला निकालाची काळजी होती, कारण बारक्याने आधीच सांगून ठेवलं होतं. दूरच्या शहरातल्या एका विमा कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती, सोमवारी उत्तर द्यायचं होतं. दुसरा भाग पडला तर तो जाणार होता.

डॉक्टर पडद्यासमोर हनुवटीला हात लावून बसले होते.

"आधी चांगलं सांगतो," ते म्हणाले. "मागच्या वेळी शाईसाहेब म्हणजे नुसता निळा गोळा होता. आता त्यांना पोट आहे, चष्मा आहे, कागद चाळतात. पाइप हातात खरोखर जड वाटतो. आणि मशीनच्या पोटातली ती गरगर फिरत, उलटं लटकून केलेली लढाई, तिला तोड नाही. च्युइंग गम रडली तेव्हा मला पाप केल्यासारखं झालं."

"आणि वाईट?" बारक्याने विचारलं.

"वाईट असं की मी मघापासून या रक्ताच्या डागासमोर बसलोय आणि तो भिजतोय."

"भिजू दे की," ताई म्हणाली. "घाई केली की राहतो."

"ताई, आमच्या गप्पा संपल्या. त्याने मला त्याच्या लहानपणाचं सांगितलं. आता तो मला जेवलात का विचारतोय." डॉक्टरांनी माउस खाली ठेवला. "पहिल्या भागात मी हसलो. या भागात मी शिकलो. शिकायचं ते माझं कॉलेजात शिकून झालंय."

डॉक्टर गेले. बारक्याने पलंगाखालून बॅग ओढली आणि तिच्यावरची धूळ पुसायला घेतली. ताईने तेवढ्यातही पाहिलं की धूळ तो ओल्या फडक्याने पुसतोय, म्हणजे आता चिखल होणार. ती बोलली नाही. जिना उतरून खाली आली आणि हौदाच्या कडेवर बसली.

नवऱ्याने इस्त्री उभी केली.

"अगं, तो खोट्या कपड्यावरचा खोटा डाग आहे."

"बघणारे खरे आहेत ना, अहो."

"आणि जाणाराही खराच आहे," नवरा म्हणाला, आणि परत शर्टाकडे वळला. एका दिवसात त्याचं एवढं बोलणं पुष्कळ झालं.

ताई वर गेली.

"घाल गरम पाणी," ती दारातूनच म्हणाली.

"काय?"

"रक्तावर. घाल. ते लेबल, ती शिवण, सगळं काढ. उद्या लोकांचे कपडे बिघडले तर बिघडले, मला धंदाच होईल."

बारक्याने खुर्ची ओढली. त्याला वेळ लागला, ताई मागे उभीच. मग पडद्यावर तोफ आली, उकळतं पाणी उडालं, रक्ताचा डाग भाषणाच्या मधोमध फुटला. आणि ताईच्या पोटातून एक आवाज निघाला. कण्हण्याचा नव्हे, रडण्याचाही नव्हे. फार जुनं शिवलेलं काही पुन्हा उसवावं तसा लांब. "हाऽऽ रे देवा... बसला आता. बसला कायमचा."

बारक्याने वळून पाहिलं.

"ताई, हे परत कर."

"काय परत कर?"

"आत्ता जे केलंस ते."

ताईने करून पाहिलं. बकरीसारखं झालं. तिला ते ठरवून येईना. तेव्हा बारक्याने माइक जोडला, तिला पडद्यासमोर बसवलं आणि तिच्या डोळ्यांदेखत एक एक गुन्हा करायला सुरुवात केली. त्याने शाई घासली, लोकर उकळली, पांढऱ्याबरोबर लाल मोजे टाकले. प्रत्येक गुन्ह्याला ताईचा वेगळा उसासा आला. रेशमावर ब्लीच ओतलं तेव्हा ती खुर्ची सोडून उठली आणि पडद्याला हात लावायला गेली. बारक्या हसता हसता खाली बसला. संध्याकाळी नवऱ्याने तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली.

खेळ बाजारात गेला. आता त्यात खेळणारा असा एखादा गुन्हा करून जिंकला, की त्याच वेळी मागून एका बाईचा असा काही उसासा येतो की जिंकल्याची लाज वाटावी. लोकांनी बारक्याला लिहिलं की गोष्ट लांबली आहे, शेवट फार सोपा आहे, चहाचा डाग पहिल्या भागातच बरा होता. पण त्या बाईसाठी आम्ही परत परत चुकतो. एकाने लिहिलं की उसासा ऐकून त्याने उठून घरातले पडदे धुतले. सोमवारी बारक्याने विमा कंपनीला नाही म्हणून कळवलं, आणि बॅग परत पलंगाखाली ढकलली, चिखलासकट.

महिन्याभराने डॉक्टर पांढरा कोट घेऊन काउंटरशी आले. कोटाच्या बाहीवर तपकिरी डाग होता.

"काय सांडलं?"

"रक्त. अक्कलदाढ होती."

"कधी?"

"परवा."

"त्यावर तुम्ही काय केलंत?"

डॉक्टरांनी खाली बघितलं नाही. ताईच्या डोळ्यांत बघत ते म्हणाले, "उकळत्या पाण्यात टाकला. सावकाश ढवळला."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. माणूस शिकलेला, दोन मुलांचा बाप, आणि चांगल्या कोटाचं वाटोळं करून इथे उसासा ऐकायला आलेला. तिने ओठ घट्ट मिटले. पावतीचं पुस्तक ओढलं. आवाज छातीपर्यंत आला होता, तो तिने तिथेच धरून ठेवला.

डॉक्टर काउंटरवर वाकले. मग हळूच म्हणाले, "आणि तसाच ओला असताना वरून कडक इस्त्री मारली."

उसासा आला. लांब, खोल, भिंतीवरचे हँगर हलावेत असा. ताईने ओठ उघडलेच नव्हते. ती मागे वळली. इस्त्रीच्या टेबलाशी नवरा छातीवर हात ठेवून उभा होता.

वरच्या खोलीत खुर्ची पडली आणि जिन्यावर धडाधड पावलं वाजली.

"भाऊजी," बारक्या माइक हातात घेऊनच उतरला, "परत एकदा करा."

"काय परत?" नवरा म्हणाला.

ताईने कोट उचलून हौदातल्या थंड पाण्यात सोडला आणि मूठभर मीठ टाकलं. आता काही निघायचं नव्हतं, ते तिला ठाऊक होतं. "बसा डॉक्टर," ती म्हणाली. "अर्धा तास लागेल."