आत्याचा अंगठा
स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला की तळोद्याचा आठवडे बाजार आठवतो. तिथे एका जादूगाराने खेळासाठी आत्याला पत्त्यावर सही करायला सांगितली. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याने हसत हसत तिचा अंगठा शाईला लावून बदामाच्या राणीवर उठवला आणि टाळी वाजवून पत्ता गायब केला. आत्याने माझं मनगट गच्च आवळलं. आजोबांचं शेत कागदावरच्या अशाच एका अंगठ्याने गेलं होतं. "मन्हा अंगठा कोठे शे?" ती ओरडली. लोक हसले. जादूगाराने लिंबू कापून आतून तोच पत्ता काढला, तेव्हा आत्याने तो हिसकावला आणि तिथेच चावून गिळला. आज मीही पत्त्यांची जादू करतो. सही घेतली की जादू खरी वाटते, असं सगळे म्हणतात. मला भीती त्याचीच वाटते.