पाचोडच्या बाजारातली कावीळ

मला इंग्रजी शाळेत घातलं ते मी कलेक्टर होईन म्हणून. प्रत्यक्षात त्या इंग्रजीचा उपयोग शाई विकणाऱ्या कंपनीच्या कस्टमर केअरशी बोलण्यासाठी झाला. तोही नाइलाजानं, कारण मला फोनवर बोलायला आवडत नाही आणि समोरासमोर तर त्याहून नाही. बाबांच्या फ्लेक्सच्या दुकानात मी मागच्या बाजूला, गिऱ्हाइकांकडे पाठ करून कॉम्प्युटरवर बसायचे आणि त्यांचे चेहरे गोरे करायचे.

वाढदिवस असो, निवड असो की श्रद्धांजली, फोटो दिल्यावर गिऱ्हाईक मान पुढं काढून हळूच म्हणणारच, "जरा उजळ करा." मेलेल्या माणसाचे नातेवाईकसुद्धा म्हणतात. कुणी सांगितलं नाही तरी करायचं, असा पैठण गेटच्या आमच्या गल्लीत रिवाजच आहे. एकदा एका काकांचा फोटो मी होता तसा छापायला दिला, तर ते बॅनरकडे बघत म्हणाले, "पोरी, माझं काही चुकलं का?"

शहराचं नाव बदललं तेव्हा धंद्याला बरे दिवस आले. दुकानं, क्लासेस, दवाखाने, सगळ्यांना नवं नाव घाईनं हवं होतं. काहींना जुनं नाव मुद्दाम मोठ्या अक्षरात हवं होतं. बाबांना कुणी यावर मत विचारलं की ते विचारत, "किती बाय किती?" माझंही मत तेवढंच आहे.

तेव्हा तीन कंपन्यांची शाई पुरवणारे तिघं होते आणि तिघं एकमेकांची निंदा करत. त्यातले एक चाचा स्कूटरच्या पायाशी शाईचे कॅन ठेवून यायचे. सकाळी येतो म्हणायचे आणि संध्याकाळी उगवायचे. उशीर का झाला याचं कारण दर वेळी नवं, आणि त्यात बहुतेक कुणाचं तरी लग्न असायचं. पण एखादा रंग बिघडला की मशीनजवळ उभं राहून म्हणायचे, "भाई, ये कॅन गडबड है, कल बदल देतूं." कल म्हणजे चार दिवसांनी, पण कॅन बदलून मिळायचा. चाचा खोटं बोलायचे, पण समोर येऊन, आमचा चहा पिऊन.

मग एका कंपनीनं दुसरी विकत घेतली आणि तिसरीनं त्या दोघींना गिळलं. व्हॉट्सअ‍ॅपवर एक हसरं कुटुंब आलं आणि त्याखाली लिहिलं होतं, 'आता अधिक चांगली सेवा.' त्या आठवड्यापासून चाचा यायचे थांबले. शाई अ‍ॅपवर मागवायची, तक्रार अ‍ॅपवर करायची. दुसरीकडची शाई वापरली तर मशीनची दुरुस्ती बंद. अर्थात दुसरीकडं म्हणायला काही उरलंही नव्हतं. आमच्या समोरच्या फ्लेक्सवाल्याकडं, औरंगपुऱ्यात, टीव्ही सेंटरला, सगळीकडं तेच पांढरे कॅन. बाबा म्हणाले, "सासर एकच राहिलं. आता रुसून जायचं कुठं?"

अशात पाचोड गावचा आमचा जुना गिऱ्हाईक-माणूस सरपंचपदाला उभा राहिला. त्याच्या लग्नाचा बॅनर बाबांनी छापला होता, त्याच्या वडिलांच्या श्रद्धांजलीचाही. पाचोडातली इतर कामंही तोच आणायचा. तो तुटला तर ते गावच तुटलं असतं. मी त्याचा फोटो नेहमीप्रमाणं उजळ केला. बाबांनी नवा कॅन लावून बॅनर छापला आणि ट्यूबलाइटखाली पसरला. चेहरा केतकीसारखा निघाला होता. तो खूश झाला.

"ताई, लई भारी! घरची वळखायची नाय मला."

आम्हीही खूश. ट्यूबलाइटखाली तो गोरा दिसत होता आणि गोरा दिसला की आमच्याकडं पुढचं कुणी बघत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो जीपमधून उतरला आणि चप्पलसुद्धा न काढता आत आला.

"शेठ, मला कावीळ कधी झाली?"

बाबांना कळेना. त्यानं मोबाइल पुढं केला. पाचोडच्या चौकात, भर उन्हात, हात जोडलेला त्याचा सहा फुटी चेहरा हळदीच्या अंगासारखा पिवळा. शाईत गुलाबी कमी पडला होता. सावलीत जो गोरेपणा होता, तो उन्हात आजार झाला होता.

"कालपासनं चौघं भेटून गेले," तो म्हणाला. "एक उसाचा रस घेऊन. एका म्हातारीनं काविळीची माळ आणली. म्हणलं, आजी, मी ठणठणीत हाय. ती म्हणती, लेकरा, समदे आसंच म्हणत्यात."

बाबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

"हसा, शेठ. समोरची पार्टी काय म्हणती म्हायतीय का? म्हणत्यात, बिचारा आजारी हाय, त्याला इलेक्शनचा तरास कशाला? घरी आराम करू द्या."

"नवा छापून देतो."

"आठवडी बाजाराच्या आत लागला पायजे. बाजारात समदं गाव मला बघतंय. नायतर मी तुमच्या समोरच्या फ्लेक्सवाल्याकडं जातो."

समोरच्याशी बाबांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. गल्लीत शिरताना त्याच्या पाटीनं आमची पाटी झाकली की आमच्या पाटीनं त्याची, यावरून. दोघांचा धंदाच पाट्यांचा, त्यामुळं कुणीच लहान करायला तयार नव्हतं.

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. "बोल त्यांच्याशी. तुझं इंग्रजी कशासाठी आहे?"

आधी बराच वेळ संगीत वाजलं. मग एक मुलगी आली. ती माझ्यापेक्षाही हळू बोलत होती. मी सांगितलं, चेहरे पिवळे येताहेत.

"मॅम, चेहरा मुळात कोणत्या रंगाचा होता?"

या प्रश्नाचं खरं उत्तर आमच्या धंद्यात कुणी देत नाही. मी म्हटलं, "नॉर्मल." तिनं फोटो मागितला, मी पाठवला. अ‍ॅपवर उत्तर आलं की फोटोत कॅन दिसत नाही. मी कॅनचा फोटो पाठवला. उत्तर आलं की फोटोत चेहरा दिसत नाही. शेवटी बाबा कॅन छातीशी धरून बॅनरशेजारी उभे राहिले, सत्कार स्वीकारल्यासारखे, आणि मी तो फोटो पाठवला. संध्याकाळी फोनवर कळवण्यात आलं की रंगातला हा फरक स्वीकारार्ह मर्यादेत आहे.

"कुणाला स्वीकारार्ह?" बाबांनी विचारलं. हे मी इंग्रजीत विचारायला हवं होतं. पण फोन ठेवला गेला होता, आणि मला जरा सुटल्यासारखं वाटलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी पाचोडचा माणूस जीपमधून उतरला आणि आमच्याकडं न बघता सरळ समोरच्या दुकानात गेला. बाबांनी वर्तमानपत्र उघडलं. वाचत नव्हते. पान उलटत नव्हतं.

अर्ध्या तासानं तो रस्ता ओलांडून आला आणि आमच्या स्टुलावर धपकन बसला.

"तिथं बी कावीळच," तो म्हणाला. "मग औरंगपुऱ्यात फोन लावला. ते म्हणले, आमच्याकडं तर नवरदेव पिवळा निघाला, हळदीच्या आधीच."

गिऱ्हाईक टिकलं होतं. आमचं काम चांगलं होतं म्हणून नव्हे, तर जायला दुसरी जागाच नव्हती म्हणून. कंपनीनं आम्हाला जसं टिकवलं, तसंच आम्ही त्याला टिकवलं. बाबांनी चहा सांगितला. त्यांना बरं वाटलं की लाज वाटली, ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं.

मग ते मला म्हणाले, "गुलाबी वाढव. थोडा थोडा."

मी फाइलमध्ये गुलाबी वाढवत गेले, बाबा वीतभर पट्ट्या छापत गेले. पाचोडचा माणूस बाहेर उन्हात उभा राहून एकेक पट्टी गालाला लावायचा. रिक्षा थांबून बघायच्या. पहिली पट्टी पिवळी, दुसरी आजारातून उठल्यासारखी. त्यानंतरच्या एका पट्टीला बाबा म्हणाले, "हा तू."

त्यानं मोबाइलच्या आरशात बघितलं. "शेठ, हे लई सावळं झालं."

"आरं, तू आहेसच असा."

"ते गावाला म्हायतीय. बॅनरला कशाला सांगायचं?"

अजून एक छापली. ती जराशी लालसर निघाली, भांडून आल्यासारखी. ती त्याला पसंत पडली. "इलेक्शनला राग चालतोय," तो म्हणाला. बॅनर वाळला, गुंडाळला, जीपच्या टपावर बांधला आणि पाचोडला गेला.

जीप वळल्यावर समोरचा त्याच्या पायरीवर आला. थोडा वेळ आपल्याच पाटीकडं बघत उभा राहिला. मग रस्त्यापलीकडून ओरडला, "काय केलं?"

बाबा पायरीवर गेले. इतक्या वर्षांनी दोघं बोलत होते. एकमेकींना गिळणाऱ्या कंपन्यांनी नकळत यांनाही एकत्र आणलं होतं.

"गुलाबी वाढव!"

"किती?"

बाबांनी आकडा सांगितला. समोरच्यानं हात वर करून आभार मानले आणि आत गेला. फाइल माझ्यासमोर उघडीच होती. बाबांनी सांगितलेला आकडा आमच्यापेक्षा जरा कमी होता. बाबा आत आले, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढचा फोटो घे," आणि मी पुढचा चेहरा उजळ करायला घेतला.