तीन चाळीसची गाडी

बाबांना व्हायचं होतं इंजिन ड्रायव्हर आणि झाले बुकबाइंडर. डोळ्यांच्या तपासणीत लाल-हिरव्याची गफलत झाली आणि नोकरीवर पाणी पडलं. मग या माणसानं काय करावं, तर रुळांना खेटून घर घेतलं. दोन खोल्या, मागच्या खोलीत खळीचा डबा, पुठ्ठे, दाबयंत्र. गाडी गेली की फळीवरची भांडी खडखडायची आणि आई म्हणायची, "गेली बाई माझी सवत."

घरचा कायदा एकच: घड्याळ चुकेल, गाडी चुकणार नाही. भिंतीवरचं घड्याळ जुनं, रोज पाच-दहा मिनिटं पुढं पळायचं. दुपारची तीन चाळीसची गाडी गेली की जो जवळ असेल त्यानं काटे मागं घ्यायचे. मी लहानपणापासून स्टुलावर चढून तेच करत आले.

आई दवाखान्यात होती तेव्हा मी एकोणीस वर्षांची, म्हणजे अक्कल असायला हवी अशा वयाची. भेटीची वेळ चार ते पाच, दवाखाना चालत वीस मिनिटांवर. बाबा मागच्या खोलीत काम करत बसायचे आणि गाडी गेली की उठायचे. त्या दिवशी गाडी गेली तेव्हा घड्याळात पावणेपाच झाले होते. मी घड्याळाला चार शिव्या हासडल्या आणि काटे तीन चाळीसवर आणले. गाडीला उशीर झाला असेल हे डोक्यातच आलं नाही.

बाबा बाहेर आले. "आज उशीर नाही ना झाला गं? काम बरंच उरकलं."

"बघा की घड्याळात," मी म्हणाले. काटे आत्ताच फिरवलेत हे सांगितलं नाही.

त्यांनी पाहिलं, निवांत हाताची खळ धुतली, शर्ट बदलला, निघाले. दवाखान्याचं फाटक बंद झालेलं. रखवालदार म्हणाला, उद्या या. पहाटे आई गेली. संध्याकाळभर दाराकडे बघत होत्या, असं नर्स म्हणाली.

मावशीनं सगळ्यांदेखत विचारलं, "कुठे होता तुम्ही?"

मी तोंड उघडणार तोच बाबांनी माझा हात दाबला. "गाड्या बघत बसलो. भान राहिलं नाही."

घरी आल्यावर मला म्हणाले, "घड्याळाचं कुणाजवळ बोलायचं नाही. तुला अजून जगायचंय." आणि मी बोलले नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, कारण ते सोयीचं होतं. बाबा त्यानंतर खिडकीला पाठ करून काम करायचे. गाडी आली की हातोडीचे ठोके वाढायचे.

गेल्या आठवड्यात बाबांना पोचवून आलो. मावशी आली, पदरानं डोळे पुसले, आणि जुनीच टेप लावली: बायको तिकडे मरत होती आणि हे इकडे गाड्या मोजत होते.

मी म्हणाले, "मावशी, ते काम करत होते. गाडी उशिरा आली आणि घड्याळ मी मागं घेतलं."

तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"एकवीस वर्षं त्यांना माझ्या दारात उभं केलं नाही मी," ती म्हणाली. "तू बघत होतीस ना?"

"हो," मी म्हणाले.