सर्व्हरचा पासवर्ड आणि आमचे हे

हसणार असाल तर चहा आधी खाली ठेवा, मग सांगते. नवऱ्याचं नाव मी सबंध भाऊबंदांसमोर ओरडून घेतलंय, आणि तेही एका जुन्या सर्व्हरपायी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायची. आमचा सर्व्हर सुरू होताना दरवेळी म्हणायचा, सेटअपसाठी 'डिलीट' दाबा. रोज म्हणायचा हो. माणसाने किती दिवस मन मारायचं? एका शनिवारी दाबलं. निळा पडदा आला. तारीख, डिस्क, मेमरी, सगळं उघडून बघितलं. शेवटी निघाली पासवर्ड ठेवायची सोय. कोणालाच सापडणार नाही असा कोणता ठेवावा? म्हटलं, जे नाव माझ्या तोंडून कधीच निघत नाही, तेच. टाकलं, सेव्ह केलं आणि कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, सासरी पारोळ्याला गेले.

सोमवारी कानबाईचं विसर्जन करून घरी येतो तर फोन. आमचे हेडक्लार्क नाना.

"ताई, लाइट गेली होती. मशीन चालू केलं तर पासवर्ड मागतंय. प्रवेशाची यादी आत अडकलीय, असोद्यापासूनची खेड्यांतली पोरं दारात उभी आहेत."

"नाना, पासवर्ड म्हणजे... आमचे हे."

"हे? बरं." टकटक. "नाही घेत."

"अहो, यांचं नाव."

"मला काय माहीत यांचं नाव? तुम्ही कधी घेतलंय का?"

घरात वीस माणसं, सगळ्यांचे कान माझ्याकडे. सासूबाई म्हणाल्या, "उखाणामा ले ना माय, बठ्ठा आपलाच शेतस."

सगळे आपलेच हे खरं, पण उखाणा सुचेना. फोनमध्ये पोरांचा गलका वाढत चाललेला. शेवटी डोळे मिटले आणि ओरडले, "विजय!"

यांनी अंगणातून 'ओ' दिली. मामंजींनी टोपी काढून पुन्हा घातली.

"ताई, नाही घेत."

एवढी अब्रू घालवून चुकलं कुठे?

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "नुसतं विजय? राव कोठे गया?"

तेव्हा आठवलं. शनिवारी खोलीत चिटपाखरू नव्हतं, तरी नुसतं नाव टाकायला माझी बोटं धजली नव्हती.

"नाना," मी हळूच म्हटलं, "पुढे राव लावा."

मशीनने घेतलं. यादी लागली, पोरं घरी गेली. रिकाम्या खोलीत एका पत्र्याच्या डब्यापुढे मी नवऱ्याचा मान राखला होता, तो घालवला भाऊबंदांपुढे.