सरूबाईचं खोगीर

आधीच कबूल करून टाकतो. शांती नगरातल्या आमच्या सोसायटीच्या अकरा नारळांसाठी एजन्सी नेमावी, हा ठराव माझ्याच हातचा. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत टिपणं लिहिलेला माणूस मी, त्यामुळे ठराव झकास उतरला होता. त्याचा अर्थ काय होणार याचा विचार मात्र मी केला नव्हता.

आमचा माळी नाथा. मूळचा श्रीवर्धनचा. पंपाशेजारच्या खोलीत बायको सरूबाई आणि मुलगी निशिगंधा यांच्यासह राहतो. एकोणीस वर्षं तो पायात काथ्याचा फास आणि कमरेला कोयता अडकवून हे नारळ चढला. वर एका हाताने खोडाला मिठी मारायची, दुसऱ्या हाताने घड तोडून खाली टाकायचा, अशी त्याची पद्धत. दोन वर्षांपूर्वी मिठी मारलेला हात दमला, सुटला आणि नाथा खाली आला. जीव वाचला, पण पाठ कामातून गेली. आता तो झाडांना पाणी घालतो, चढत नाही.

नारळांना हे कुठे ठाऊक? ते पिकत राहिले. मार्चमध्ये एक वाळका घड सोसायटीतल्या ईश्वरभाईंच्या नव्या गाडीच्या टपावर पडला. मीटिंगमध्ये ईश्वरभाई एवढंच म्हणाले, "सेक्रेटरी साहेब, आज गाडी है, कल किसी का सर होगा." एजन्सी ठरली. एजन्सी क्रेन आणणार होती आणि आपला माळीही आणणार होती. म्हणजे नाथाचं काम गेलं आणि खोलीही गेली. हे मला सरूबाईंनी सांगेपर्यंत सुचलं नव्हतं, याची आजही लाज वाटते.

सरूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभ्या. बारीक चणीच्या, पन्नाशीला टेकलेल्या.

"साहेब, माड मी चढते."

"तुम्ही?"

"बापाच्या वाडीत सुपाऱ्या मीच काढायची. या पोफळीवरून त्या पोफळीवर जायची, मधी खाली उतरायची न्हाय."

मी कचेरीतली जुनी युक्ती केली. नाही म्हणायचं नाही, अटी घालायच्या. दोन्ही हात मोकळे राहतील असा सुरक्षेचा पट्टा हवा. घड खाली टाकायचा नाही, दोरीने उतरवायचा. आणि पंधरा दिवसांत सगळ्यांसमोर करून दाखवायचं. मला वाटलं, बाई परत येणार नाहीत. बाई म्हणाल्या, "चालंल," आणि गेल्या.

पुढचे पंधरा दिवस मी आणि माझी बायको सुचेता गॅलरीत मुक्कामाला होतो, कारण सगळा खेळ आमच्या गॅलरीखालच्या जांभळीवर चालला.

नाथाचा या सगळ्याला विरोध होता. पण बायको ऐकत नाही म्हटल्यावर त्याने अट घातली, पट्टा मी निवडणार. त्याचं तत्त्व सोपं होतं. वस्तू हातात घेतली की वजन लागलं पाहिजे. भाईंदर पूर्वेच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून त्याने इमारत रंगवणारे घालतात तसला पट्टा आणला. लोखंडी कड्या, जाडजूड हूक, घातला की माणूस चिलखत घातल्यासारखा दिसे. सरूबाई तो घालून दहा फूट चढल्या आणि उतरल्या.

"ह्यो मला वर नेतोय का मी ह्याला?"

शिवाय त्याची कडी पाठीवर. पडलं तर माणूस लटकेल, पण बसणार कसा? तो पट्टा परत गेला.

मग नाथाने स्वतः फळी घडवली. उत्तनहून होडीची जाड दोरी आणली, फळीला भोकं पाडली, झोपाळ्यासारखं आसन तयार केलं. तेव्हा सरूबाईंनी आपली परीक्षा ठरवली. सुचेताकडून मेथीच्या दोन जुड्या मागून घेतल्या.

"घरात बसून निवडते तशी वर बसून निवडता आली पायजे. दोन जुड्या होईपर्यंत हात दोरीला लागला, तर ते बसणं माज्या कामाचं न्हाय."

यापेक्षा कडक परीक्षा मी नोकरीत पाहिली नाही. फळी अर्ध्या जुडीला मागे सरकली, सरूबाईंनी खोड धरलं आणि मेथी आमच्या मोगऱ्यावर पडली.

आठ दिवस संपले होते. तेव्हा निशिगंधाने मोबाईल पुढे केला. ती एका मेडिकलच्या दुकानात काम करते आणि आईबापापेक्षा शांत डोक्याची आहे.

"आई, हे बघ. परदेशात शिकारी लोक हे कमरेला बांधून झाडावर बसतात, तासन्‌ तास. सॅडल म्हणतात याला, म्हणजे खोगीर. लांब चालत जाणाऱ्यांसाठी हलकं बनवलंय. किलोभरसुद्धा वजन नाही."

"मंग घोडा कोण?" नाथा म्हणाला. "माड, का तुजी आई?"

"कसली शिकार करतात?" सरूबाईंनी विचारलं.

"हरणं वगैरे."

"बरं हाय. आपला माड पळत तरी न्हाय."

सुचेताच्या टेपने कंबर मोजली, माप पाठवलं आणि चार दिवसांत खोगीर आलं. रुंद पट्ट्यांचे दोन पदर, एक कमरेमागे, एक मांड्यांखाली. पायांभोवती दोन बंद, पुढे एक छोटी दोरी आणि झाडाला आवळायची एक लांब दोरी. बस. नाथाने ते दोन बोटांत उचललं.

"हे? माजी भाजीची पिशवी यापरीस जाड हाय."

त्याने खोगिराला सिमेंटच्या दोन गोण्या बांधल्या आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फांदीला टांगून ठेवल्या. स्वतः शेजारी स्टूल टाकून बसला. एकही टाका उसवला नाही. नाथा गोण्या सोडून आत गेला. दोन वर्षांपूर्वी तो ज्या उंचीवरून पडला, तिथे आता बायकोला या चार पट्ट्यांवर सोडायचं होतं. त्याला भीती वाटत होती आणि ती तो खोगिराला नावं ठेवून बाहेर काढत होता.

दुसऱ्या दिवशी मेथी. सरूबाई बसल्या आणि पाव जुडीतच कमरेला चिमटे बसायला लागले, पायांना मुंग्या आल्या. उतरून कंबर चोळत म्हणाल्या, "त्या शिकाऱ्यांना कंबर नसती काय?" निशिगंधाचा चेहरा पडला. हातात दोनच दिवस उरले होते.

तेव्हा नाथा उठला. खोडाभोवती फिरला, गाठ पाहिली.

"दोरी छातीशी बांधलीस. डोक्याच्या वर घे. आनि खालचा पदर मांडीखाली वढ, सगळा भार कमरंवर नको."

खोगीर त्याने कधी वापरलं नव्हतं, पण झाडावर भार कुठे द्यायचा हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? सरूबाई पुन्हा बसल्या. पहिली जुडी झाली, दुसरी झाली. मग वरून आवाज आला, "वहिनी, लसूण हाय का सोलायला?" आम्ही त्या आठवड्यात चार दिवस मेथी खाल्ली आणि मी तक्रार केली नाही.

रविवारी सकाळी सगळी सोसायटी खाली जमली. ईश्वरभाईंनी गाडी खबरदारी म्हणून पार मागच्या रस्त्यावर नेऊन ठेवली होती. नाथा खोलीत दार लावून बसला होता, मी बघणार न्हाय म्हणून. सरूबाईंनी साडीचा काचा घट्ट मारला आणि चढल्या. चाळीस फूट, मध्ये एकदाही न थांबता. झावळ्यांखाली दोरी आवळली आणि मागे रेलून खोगिरात बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण डावा हात खोडावरच होता.

घडाला दोरी बांधायची तर दोन्ही हात लागतात. एक मिनिट गेलं, दोन गेली. जांभळीवर चार फुटांवर सुटणारा हात तिथे सुटेना. काही झालं तरी माडावरचा हात काढायचा न्हाय, हे लहानपणी बापाने शिकवलेलं, पुढे नवऱ्याने रोज घोकलेलं. मी मनात म्हणत होतो, बाई, उतरा, मी ठराव बदलतो.

पंपाशेजारचं दार उघडलं. नाथा बाहेर आला, वाकत वाकत माडाखाली आला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने मान वर केली.

"सरू, दोन्ही हात सोड."

"दोन्ही?"

"दोन्ही. गोण्या टांगून मी बघितलंय. सोड."

हात सुटला. सरूबाई पुऱ्या मागे रेलल्या, पाय खोडाला टेकलेले, दोन्ही हात हवेत. मग त्यांनी दोरी घेतली, घड बांधला, कोयत्याचे तीन घाव घातले, आणि तो घड सावकाश, वळत वळत खाली आला आणि नाथाच्या हातांत टेकला. एकही नारळ सुटला नाही. मी शिट्टी वाजवली, जी मी कॉलेजनंतर वाजवली नव्हती. दुपारपर्यंत तीन माड झाले, त्यातले दोन मागच्या बोळातले, जिथे क्रेन शिरलीच नसती. ईश्वरभाईंनी शहाळं पिऊन तोंड पुसलं आणि सर्वांत आधी हात वर केला, "एजन्सी कॅन्सल."

नवा ठराव मी त्याच संध्याकाळी लिहिला. नारळांचं काम सरूबाईंकडे, बागेचं नाथाकडे, खोली दोघांकडे. तीन ओळी, पण माझ्या एकतीस वर्षांत याहून चांगलं टिपण मी लिहिलेलं नाही.

सही करून गॅलरीत आलो, तर खोगीर पुन्हा जांभळीला लावलेलं. आत नाथा, जमिनीपासून दोन फूट. एका हातात मेथीची काडी, दुसऱ्या हाताने दोरी गच्च धरलेली. सरूबाई समोर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"अवो, सोडा की आता."

त्याने खाली पाहिलं, मग तिच्याकडे. मी सुचेताला हाक मारून बोलावलं, पण ती येईपर्यंत नाथाचे दोन्ही हात मेथीत होते.