'इतर' नावाचा रकाना

माझ्या धाकट्या भावाला घरात 'ब्रँड' म्हणतात. म्हणजे मी म्हणते. आई त्याला अजून बाळ म्हणते, आणि सगळं बिघडलंय ते तिथेच. वय बावीस. इंटरफेस डिझाइन शिकतो, शेवटचं वर्ष. इंटरफेस म्हणजे काय ते त्याने मला एकदा समजावलं होतं: माणसाची आणि यंत्राची जिथे गाठ पडते ती जागा. आमच्याकडे कपडे धुण्याचं यंत्र आहे, त्याला चार बटणं आहेत. त्या यंत्राची आणि या माणसाची आजवर गाठ पडलेली नाही.

गेल्या वर्षी कॉलेजात कुणी पाहुणा येऊन सांगून गेला की नुसतं काम येऊन भागत नाही, स्वतःचा ब्रँड पाहिजे. झालं. तेव्हापासून हा रोज काळा टी-शर्ट घालतो, कारण लोकांना आपलं एकच रूप दिसलं पाहिजे. टी-शर्ट दोन आहेत आणि आई ते आलटून पालटून धुते. स्वतःच्या आद्याक्षरांचं चिन्ह काढायला त्याला अकरा आठवडे लागले. त्यासाठी जेवताना त्याने आम्हाला सात निळे रंग दाखवले. मला सातही सारखेच दिसले. तसं म्हटल्यावर त्याने आईकडे बघून मान हलवली, 'बिचारी' अशा अर्थाने. भिंतीवर पुढच्या दहा वर्षांचा तक्ता आहे. आधी एका नावाजलेल्या कंपनीत नोकरी, मग तिथला प्रमुख, मग परदेशी परिषदांत भाषणं, मग स्वतःचा स्टुडिओ. त्यात कुणी आजारी पडत नाही, कुणी म्हातारं होत नाही. मी तसं विचारलं तर म्हणाला, ते वेगळ्या तक्त्यात येईल.

मला त्याचा राग येतो, हे आधीच सांगून टाकते. त्याच्यापेक्षा मी बारा वर्षांनी मोठी. मी एका मोठ्या हॉस्पिटलात नोंदणीच्या काउंटरवर बसते, अकरा वर्षं झाली. सकाळी आठ ते दुपारी चार, दिवसाला दीडशे-पावणेदोनशे माणसं. नाव, वय, पत्ता, फोन, कुठे दुखतंय, कोणत्या डॉक्टरकडे जायचंय. कुणी रडत येतं, कुणी भांडत येतं, कुणाला स्वतःचं वयच माहीत नसतं. अकरा वर्षांत मी काय करते हे त्याने कधी विचारलं नाही. मीही कधी सांगायला गेले नाही, पण विचारायचं काम त्याचं होतं, त्याचं तर शिक्षणच विचारण्याचं चाललं होतं.

तर ती तक्त्यातली पहिल्या चौकटीतली कंपनी यंदा कॉलेजात आली. त्यांना एकच विद्यार्थी घ्यायचा होता. प्रत्येकाने एखादी खरी अडचण शोधून, खऱ्या माणसांशी बोलून, ती सोडवून दाखवायची. याने आमच्या हॉस्पिटलचा नोंदणीचा स्क्रीन निवडला. मला पत्ता नाही. एकदा दुपारी घराची किल्ली न्यायला काउंटरवर आला होता, तेव्हा मोबाइल जरा जास्तच वर धरून उभा होता, एवढंच मला आठवतं.

मग एके दिवशी कामावर गेले तर शेजारच्या काउंटरवरची म्हणाली, "घाबरलेल्या बाई, आज उशीर?" सगळ्या फिदीफिदी हसल्या. तिने फोन पुढे केला. भावाचं संकेतस्थळ, वर ते निळं चिन्ह, खाली माझा फोटो. कपाळ हातात धरून बसलेली मी. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. खाली लिहिलं होतं: वय चौतीस. तंत्रज्ञानाची भीती. बटणं पाहून गोंधळते. उद्दिष्ट: लवकर घरी जाणे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो स्क्रीन मी डोळे मिटून चालवते. पुढे वाचलं तर पाच जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या असं होतं. एक मी. दुसरी आई. तिसरीही आईच, चष्मा काढलेली. उरलेले दोघे कुठल्या जगात राहतात ते त्यालाच माहीत. मग त्याचा नवा स्क्रीन: मोकळा, पांढरा, गोड. जुन्यातला सगळ्यात खालचा 'इतर' नावाचा रकाना त्याने उडवला होता. कारण काय, तर तो कुणी वापरत नाही, रिकामाच असतो.

तो रिकामा होता, कारण आमच्या ब्रँडसाहेबांनी स्क्रीनचं चित्र ते सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या जाहिरातीतून उचललं होतं. जाहिरातीत पेशंट नसतात.

घरी येऊन मी भांडले. तो शांतपणे म्हणाला की असं करावंच लागतं, गोष्ट सांगता आली पाहिजे, आणि त्या फोटोत मी नाही, एक प्रातिनिधिक वापरकर्ती आहे. आई म्हणाली, जाऊ दे गं, बाळाचं भलं होतंय ना. कारण बातमी आली होती. शेवटच्या दोघांत हा होता. आता कंपनीतल्या एक बाई त्याने मुलाखत घेतलेल्यांपैकी एकीशी फोनवर बोलणार होत्या, आणि मग ठरवणार होत्या. पाचांतली खरी म्हणावी अशी मीच होते. माझ्या दोन वाक्यांवर ती नोकरी अडकली होती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी फोन यायचा होता. मी काय बोलायचं ती उत्तरं त्याने मला छापून दिली. 'तीन दुपारी तो माझ्याशेजारी बसला. बारकाईने प्रश्न विचारले. मला कुणीतरी समजून घेतंय असं वाटलं.' कुठे थांबायचं तेही लिहिलं होतं. आई दोन दिवस माझ्या मागे लागली होती, एवढं बोल म्हणून. खरं सांगते, मी बोलणार होते. कागद समोर ठेवला होता, भाऊ समोरच्या खुर्चीत बसला होता.

बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "त्याने तुम्हाला काय काय विचारलं?"

मी कागदाकडे बघितलं. 'समजून घेतंय' या शब्दांवर नजर गेली आणि मी कागद पालथा ठेवला.

"काही नाही," मी म्हटलं. "त्याने मला कधीच काही विचारलेलं नाही."

भावाचा चेहरा पांढराफटक पडला.  बाई म्हणाल्या, "मग मी विचारू का? तो शेवटचा रकाना. तुम्ही त्यात काय लिहिता?"

आणि मी सांगत सुटले. तो रकाना डॉक्टर बघत नाहीत, पण काउंटरवरच्या आणि वॉर्डातल्या आम्ही सगळ्या बघतो. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून हाक मारा. वाचता येत नाही पण सांगत नाही, फॉर्म आपणच भरा. मुलाला अजून माहीत नाही, त्याच्यासमोर आजाराचं नाव घेऊ नका. एकटीच आली आहे, तिला शेवटी बसवून ठेवू नका. हे कुणी आम्हाला शिकवलेलं नाही, नियमातही नाही. एकीने लिहिलं, दुसरीने वाचलं, असं ते चालत आलं. बाई मधेमधे प्रश्न विचारत होत्या, लिहून घेत असाव्यात. चाळीस मिनिटं झाली. भाऊ पाचव्या मिनिटालाच उठून आतल्या खोलीत गेला होता आणि त्याने दार लावून घेतलं होतं.

नोकरी दुसऱ्याला मिळाली. त्याला आलेल्या पत्रात शेवटी एक ओळ होती: तुम्ही काढून टाकलेल्या रकान्यात काय असतं ते बहिणीला विचारा आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. आईने माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. भावाने संकेतस्थळावरून माझा फोटो काढला. माफी मागितली नाही.

दहाव्या दिवशी तो काउंटरवर आला. रांगेतून आला, हे खरं. तोच काळा टी-शर्ट, हातात चिन्ह छापलेली वही, पेनाचं टोपण उघडलेलं.

"ताई, 'इतर'मध्ये तुम्ही लोक काय लिहिता?"

घरात दहा दिवस आम्ही एकाच टेबलावर जेवत होतो. पण याला विचारायचं होतं ते इथे, कामाच्या जागी, म्हणजे पुढच्या अर्जाच्या गोष्टीत तसं लिहिता येईल. मला तरी तसंच वाटलं. कदाचित तसं नसेलही.

"चाळीस मिनिटं सांगत होते," मी म्हटलं. "तू पलीकडच्याच खोलीत होतास. आता बाजूला हो, मागे माणसं आहेत."

तो बाजूला झाला, पण गेला नाही. मागून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. मी नाव विचारलं, वय विचारलं, थोडं बोलले, आणि खालच्या रकान्यात चार शब्द लिहिले. भाऊ टाचा उंचावून बघायला लागला. काउंटरच्या त्या बाजूने स्क्रीनची पाठच दिसते. मी तो वळवला नाही.